अनुच्छेद २२ खालची तळटीप

१/
भारतीय राज्यघटनेच्या अधिकृत प्रतीत अनुच्छेद २२ काढून पाहिला, तर पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप दिसते. तिचा आशय असा : चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे कलम ३ अमलात आल्यावर हा अनुच्छेद अमुक प्रकारे बदलेल. ही घटनादुरुस्ती १९७८ ची. तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली ३० एप्रिल १९७९ रोजी. त्यानंतर साडेचार दशके लोटली, अनेक सरकारे आली आणि गेली; कलम ३ मात्र आजही अमलात आलेले नाही. हा थ्रेड त्या तळटिपेविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रश्न थोडक्यात असा. एखाद्याने गुन्हा केल्याचे सिद्ध न करता, खटलाही न चालवता, तो पुढे काही विघातक करील एवढ्या शक्यतेवरून त्याला तुरुंगात ठेवण्याचा अधिकार सरकारला किती काळ असावा? आणि त्या अधिकारावर पहारा कोणाचा असावा?

मराठीत तुरुंगातील माणसासाठी नेमके शब्द आहेत. शिक्षा झालेला तो पक्का कैदी. खटला चालू असलेला तो कच्चा कैदी. तिसरा शब्द आहे 'स्थानबद्ध'. याच्यावर ना आरोपपत्र, ना सुनावणी, ना शिक्षा. तरी तो आत असतो.

३/
'स्थानबद्ध' म्हटले की अनेकांना रत्नागिरीतील सावरकर आठवतात. १९२४ ते १९३७ या काळात त्यांना जिल्हा सोडून जाण्यास बंदी होती. तेथे तो शब्द अक्षरशः खरा होता : माणूस एका स्थानाशी बांधलेला, पण घरात राहणारा. आज वर्तमानपत्रात 'एक वर्षासाठी स्थानबद्ध' असे छापून येते, तेव्हा तो माणूस मध्यवर्ती कारागृहात असतो. शब्द सौम्य राहिला, त्यामागची वस्तुस्थिती कठोर झाली. त्यामुळे ही बातमी वाचताना आपण फारसे थबकत नाही.

४/
मी भूगावात राहते. गावावरून जाणारा पौड रस्ता पुढे मुळशी धरणाकडे जातो. त्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. शेकडो माणसे तुरुंगात गेली. सेनापती बापट यांना पुढे रेल्वेगाडी अडवण्याच्या प्रकरणात सात वर्षांची शिक्षा झाली. राजवट परकी होती, निवाडे धनाढ्य कंपनीच्या बाजूचे होते. तरीही शिक्षा झालेल्या सत्याग्रहीला तीन गोष्टी ठाऊक असत : आपल्यावर आरोप काय, शिक्षा किती आणि सुटका केव्हा. स्थानबद्ध माणसाला यांतली पहिलीच गोष्ट नीट मिळेल याची खात्री नसते. त्याचा इतिहास मुळशीपासून नव्हे, पुण्यातून सुरू करावा लागतो.

५/
२२ जून १८९७. गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. महिन्याभराने सरकारने पुण्याच्या पुढाऱ्यांकडे मोर्चा वळवला. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयात खटला उभा राहिला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष. दीड वर्षाची शिक्षा झाली. खटला पक्षपाती होता, हे सर्वांना कळले. कळले, कारण तो उघड्यावर चालला. आरोप छापले गेले, बचाव छापला गेला, ज्यूरीतील फूटही छापली गेली.

६/
त्याच दिवसांत पुण्याचे सरदार नातू बंधू पकडले गेले. त्यांच्यावर कोणताही खटला भरला नाही. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ नुसार 'राज्याच्या कारणास्तव' त्यांना कोठडीत टाकण्यात आले, मालमत्तेवर टाच आली. सुटका झाली १८९९ मध्ये. त्यांचा अपराध कोणता, हे कोणत्याही न्यायालयात कधीच मांडले गेले नाही; म्हणून ते खोडून काढण्याची संधीही त्यांना मिळाली नाही.

टिळकांचा खटला आज पाठ्यपुस्तकात आहे. नातूंचे प्रकरण अभ्यासकांपुरते उरले. ज्याचा खटला चालत नाही, त्याची कागदोपत्री आठवणसुद्धा राहत नाही.

७/
तेव्हाच्या राष्ट्रसभेला मात्र या प्रकरणाचे गांभीर्य कळले होते. डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीला, शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात नातू बंधूंच्या कैदेचा आणि अशा जुन्या रेग्युलेशनांचा निषेध झाला. लक्षात घ्यावे, मागणी 'त्यांना सोडाच' एवढीच नव्हती. आरोप असेल तर खटला चालवा, ही होती. नंतर १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्ध देश पेटला, तोही याच मुद्द्यावर. 'ना वकील, ना अपील, ना दलील' हे त्या कायद्याचे लोकांनी केलेले वर्णन होते.

८/
दुसऱ्या महायुद्धात मुंबई सरकारने भारत संरक्षण नियमांतील नियम २६ खाली केशव तळपदे यांना स्थानबद्ध केले. प्रकरण दिल्लीच्या फेडरल कोर्टापर्यंत गेले. एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने तो नियमच कायद्याच्या चौकटीबाहेरचा ठरवला. 'भारत छोडो' आंदोलनातील असंख्य कैदी त्याच नियमाखाली आत होते. सरकारने काय केले? काही दिवसांतच वटहुकूम काढून नियम पूर्वलक्षी प्रभावाने वैध करून घेतला. कोर्टाने दार उघडावे आणि सरकारने कुलूप बदलावे, हा खेळ तेव्हापासूनचा आहे.

९/
स्वातंत्र्य आले. घटना लिहिणाऱ्यांपैकी कित्येक जण स्वतः खटल्याविना तुरुंगात राहून आले होते. तरी प्रतिबंधक स्थानबद्धता घटनेतून गेली नाही. आजच्या अनुच्छेद २१ मधून 'योग्य न्यायप्रक्रिये'ची हमी वगळून 'कायद्याने स्थापित कार्यपद्धती' हे शब्द घेतले गेले, तेव्हा सभागृहात अस्वस्थता पसरली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी एक नवा अनुच्छेद मांडला आणि आधीच्या निर्णयाने झालेली हानी काही अंशी भरून काढण्यासाठी तो असल्याचे मोकळेपणाने सांगितले. तोच आजचा अनुच्छेद २२.

१०/
अनुच्छेद २२ चे दोन भाग आहेत. पहिला भाग सामान्य अटकेसाठी : कारण सांगा, वकील मिळू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा. दुसरा भाग सांगतो की, यातले काहीही स्थानबद्धाला लागू नाही. त्याच्यासाठी वेगळी, अपुरी तटबंदी आहे. स्थानबद्धतेची कारणे कळवावीत, पण जे तथ्य उघड करणे सार्वजनिक हिताविरुद्ध वाटेल ते सांगण्याची सक्ती नाही. निवेदन देण्याची संधी द्यावी. आणि तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर सल्लागार मंडळाने पुरेसे कारण असल्याचा अहवाल द्यावा. याच अनुच्छेदात संसदेला आणखी एक मुभा आहे : काही प्रकरणांत मंडळाला न विचारताही तीन महिन्यांची मर्यादा ओलांडता येईल, असा कायदा ती करू शकते.

११/
घटना लागू होऊन महिना व्हायच्या आत, २५ फेब्रुवारी १९५० रोजी, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संमत झाला. सरदार पटेलांनी तो मांडताना, या विचारात आपण कित्येक रात्री जागून काढल्याचे सांगितले. मुदत सुमारे एक वर्षाची होती. प्रत्यक्षात मुदतवाढ मिळत मिळत तो १९६९ अखेरपर्यंत टिकला. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या नेत्या-कार्यकर्त्यांवरही तो वापरला गेला. त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. हे नाव ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

१२/
१९७१ मध्ये अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजेच 'मिसा', आला. २५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली आणि देशभरात सुमारे ३५ हजार माणसे मिसाखाली आत गेली. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत समाजवादी आणि संघाचे लोक शेजारी शेजारी राहिले. संघाचे तेव्हाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्यात होते. मृणाल गोरे तुरुंगात गेल्या. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोललेल्या दुर्गा भागवतांनाही पुढे अटक झाली. एकेकाळी इतरांना स्थानबद्ध करणारे मोरारजी देसाई स्वतः स्थानबद्ध झाले.

१३/
कैद्यांच्या आप्तांनी हेबिअस कॉर्पसचे अर्ज केले. हेबिअस कॉर्पस म्हणजे 'या माणसाला न्यायालयापुढे आणा आणि कोणत्या कायद्याने धरले ते दाखवा' असा आदेश. राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद २१ व २२ साठी न्यायालयाकडे जाण्याचा हक्क स्थगित होता. तरीही नागपूर खंडपीठासह देशातील नऊ उच्च न्यायालयांनी हे अर्ज ऐकता येतील असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी ते फिरवले. न्या. खन्ना यांनी सुनावणीत विचारले होते की, पोलीस अधिकाऱ्याने वैमनस्यातून कोणाचा जीव घेतला तर उपाय काय? आणीबाणी असेतोवर उपाय नाही, अशा आशयाचे उत्तर ॲटर्नी जनरलनी दिले. चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकार जिंकले.

१४/
विरोधातील एक मत खन्ना यांचे. पुढे त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात होते न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड : पुण्यात जन्मलेले, पुण्याच्याच आयएलएस विधी महाविद्यालयात शिकलेले. बहुमतातले दुसरे, न्या. भगवती यांनी २०११ मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली. तो निकाल औपचारिकपणे मोडीत निघाला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात. मुख्य मत लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. आपल्या चर्चा बहुतेक वेळा या पितापुत्रांच्या योगायोगाशी थांबतात. खरी गोष्ट मात्र येथून पुढे सुरू होते.

१५/
१९७७ मध्ये जनता सरकार आले. पंतप्रधान मोरारजी देसाई, कायदामंत्री शांतिभूषण. मिसा रद्द झाला. मग आली चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती. तिने दोन कामे हाती घेतली. पहिले : यापुढे आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ साठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. हे काम पूर्ण झाले आणि आजही ते आपले संरक्षण आहे. दुसरे : आणीबाणी नसताना, रोजच्या कारभारात होणाऱ्या स्थानबद्धतेला वेसण घालणे. ते होते कलम ३. तेच तळटिपेत अडकले.

१६/
कलम ३ मध्ये तीन गोष्टी होत्या.

एक, सल्लागार मंडळाच्या अहवालाविना ठेवण्याची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोन महिने.

दोन, मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनुसार नेमायचे. अध्यक्ष त्या उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायमूर्ती, अन्य सदस्य कोणत्याही उच्च न्यायालयाचे विद्यमान वा निवृत्त न्यायमूर्ती.

तीन, मंडळाला न विचारता मुदत ओलांडण्याची संसदेची ती मुभा रद्द.

स्थानबद्धता बंद करा, असे या कलमात कुठेही नाही. सरकार ज्याला धरते त्याच्या प्रकरणाचा पहिला परीक्षक सरकारने निवडू नये, एवढाच त्याचा गाभा आहे.

१७/
अडले कोठे? घटनादुरुस्तीच्या पहिल्या कलमातील उपकलम २ मध्ये. केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेपासून तरतुदी लागू होतील आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळ्या तारखा ठरवता येतील, असे त्यात होते. २० जून १९७९ रोजी बहुतेक तरतुदी लागू झाल्या. कलम ३ मागे राहिले. त्यानंतर पंचवीस दिवसांनी, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. ज्यांनी स्वतः तुरुंग भोगला होता त्यांच्या सरकारलाही ती एक तारीख घालता आली नाही.

१८/
१९८० मध्ये इंदिरा गांधी परतल्या. सप्टेंबरमध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. त्याला आव्हान दिले धनबादचे खासदार ए. के. रॉय यांनी. त्यांनी विचारले : संसदेने केलेली घटनादुरुस्ती सरकार केवळ तारीख न घालून रोखू शकते काय? २८ डिसेंबर १९८१ ला निकाल लागला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. बहुमताने म्हटले की, तारीख ठरवण्याचे काम संसदेने सरकारवर सोपवले आहे; न्यायालय सरकारला तसा आदेश देऊ शकत नाही. न्या. ए. सी. गुप्ता यांचे मत वेगळे पडले. संसदेची इच्छा अशी बेमुदत टांगून ठेवता येत नाही, असा त्यांचा रोख होता.

१९/
इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हा निकाल १९७६ च्या निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो. १९७६ चा निकाल भयंकर होता, म्हणून लोकांच्या लक्षात राहिला आणि शेवटी दुरुस्त झाला. १९८१ चा निकाल शांत, तांत्रिक होता. त्यावर ना अग्रलेखांची परंपरा निर्माण झाली, ना स्मृतिदिन. घटनादुरुस्ती करण्यासाठी संसदेत दोनतृतीयांश बहुमत लागते. ती थोपवून धरण्यासाठी मात्र कोणीच काही करावे लागत नाही. संसदेच्या ठरावापेक्षा प्रशासनाची निष्क्रियता जड ठरली.

२०/
'पण आता हे सारे कालबाह्य नाही का?' नाही. मंडळाला न विचारता मुदत वाढवण्याची मुभा कागदावर शिल्लक असल्याचा परिणाम १९८० च्या दशकातच दिसला. पंजाब आणि चंडीगढसाठी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात तशी तात्पुरती तरतूद घालण्यात आली. कलम ३ लागू असते, तर तो मार्ग बंद असता. जी मुभा घटनेत पडून आहे, ती पुढच्या कोणत्याही सरकारला कोणत्याही राज्यासाठी उचलता येते.

२१/
आता आपल्या घराजवळ येऊ. महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा, ज्याला वर्तमानपत्रे 'एमपीडीए' म्हणतात, मूळचा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी आहे. 'धोकादायक व्यक्ती' आणि वाळूतस्करांसारखे वर्ग पुढे जोडले गेले. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतात, राज्य सरकार बारा दिवसांत त्याला मान्यता देते, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे जाते आणि मंडळ सात आठवड्यांत मत देते. कमाल मुदत बारा महिने. पुण्याच्या माणसाला पुष्कळदा नागपूर, अमरावती अशा दूरच्या कारागृहात पाठवले जाते. मंडळापुढे त्याला वकील उभा करण्याचा हक्क नाही.

२२/
आमच्या तालुक्याचे नाव २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने गुन्हेगारीशी जोडले. जमिनी विकल्या गेल्या, पैसा आला आणि संपला, मग पोरे टोळ्यांत गेली, ही त्याची गोष्ट. त्यामुळे येथे हा प्रश्न पुस्तकी नाही. पारावर मत ऐकू येते : 'गुंडाला कसला आलाय हक्क?' या मताकडे तुच्छतेने पाहू नये. दहशतीखाली साक्षीदार कोर्टात बोलत नाहीत, तक्रारदार मागे हटतात, जामिनावर सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात हप्ता मागायला उभा राहतो. हे ज्याने सोसले आहे, त्याला स्थानबद्धतेचा आदेश हा दिलासा वाटतो. तो दिलासा खरा आहे.

२३/
तरीही माझे म्हणणे उभे राहते, कारण कलम ३ तो दिलासा काढून घेत नाही. खरोखर धोकादायक माणसाविरुद्धचा आदेश विद्यमान न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील मंडळापुढेही टिकेल. टिकणार नाहीत ते वेगळे आदेश : जुन्या, शिळ्या गुन्ह्यांवर रचलेले; एकाच साच्यातून काढलेल्या गोपनीय जबाबांवर उभे असलेले; किंवा ज्या भांडणाने गल्ली हादरली, पण शहराची सार्वजनिक सुव्यवस्था हादरली नाही, अशा भांडणावरून काढलेले. 'कायदा व सुव्यवस्था' आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' यांतला हा फरक सर्वोच्च न्यायालयाने डॉ. राममनोहर लोहियांच्या प्रकरणात १९६५ मध्येच स्पष्ट केला आहे.

२४/
असे कमकुवत आदेश आजही उच्च न्यायालयात रद्द होतात. निवेदनावर निर्णय द्यायला विलंब झाला, कागदपत्रे स्थानबद्धाला समजणाऱ्या भाषेत दिली नाहीत, ही नेहमीची कारणे. पण रिट याचिका करायला वकील लागतो, पैसा लागतो, आणि ती निकाली निघेपर्यंत वर्षातले कित्येक महिने आतच सरतात. ज्याच्याकडे हे काही नाही, त्याच्यासाठी सल्लागार मंडळ हीच पहिली आणि बहुधा शेवटची दाद. म्हणून ते मंडळ कोण नेमते, हा तांत्रिक तपशील नाही.

२५/
दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे : 'सात आठवड्यांची मुदत एमपीडीएत आहेच, ती दोन महिन्यांच्या आतच बसते. मंडळांवर निवृत्त न्यायमूर्तीही असतात. मग कलम ३ ने नवे काय मिळणार?' मुदतीबाबत हे बरोबर आहे. पण सध्याच्या घटनेनुसार न्यायमूर्ती असलेली, राहिलेली किंवा न्यायमूर्ती होण्यास केवळ पात्र असलेली व्यक्तीही मंडळावर चालते. म्हणजे ज्येष्ठ वकीलही चालतो, आणि नेमणूक सरकार करते. आज चांगली माणसे नेमली जात असतील, तर तो सरकारचा चांगुलपणा झाला. चांगुलपणा बदलीबरोबर बदलतो. घटनेतली तरतूद बदलत नाही.

२६/
आणि मानधनाविषयी. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये आणीबाणीतील बंदींना मासिक मानधन सुरू केले. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ते थांबवले, २०२२ मध्ये तिसऱ्याने पुन्हा चालू केले. प्रत्येक वेळी वाद झाला : ते स्वातंत्र्यसैनिक की नाही, पैसा द्यावा की नाही. २०२४ मध्ये केंद्राने २५ जून हा 'संविधान हत्या दिवस' म्हणून जाहीर केला, त्यावरही वाद झाला. या सगळ्या वादांत कलम ३ चा उल्लेख मला क्वचितच आढळला. मिसाबंदींच्या तुरुंगवासाचे कायद्यातले फलित म्हणजे चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती. त्यांना मानधन द्यायचे आणि त्यांच्या फलिताचा एक तुकडा तळटिपेत ठेवायचा, हा सन्मान अपुरा आहे.

२७/
हा दोष एका पक्षाचा नाही. ज्यांनी आणीबाणी लादली, त्यांनी १९८० नंतर तारीख घातली नाही. ज्यांचे नेते आणीबाणीत आत होते, त्यांनीही सत्तेत आल्यावर घातली नाही. डाव्यांनी बाहेरून पाठिंबा दिलेल्या सरकारांनी घातली नाही. स्थानबद्धतेची हत्यारे विरोधात असताना बोचतात आणि सत्तेत आल्यावर उपयोगी वाटतात. मोरारजींची तीन रूपे आपण वर पाहिली : वापरणारे, भोगणारे आणि दुरुस्ती आणूनही तिचा हा भाग अर्धवट सोडणारे. ती एका माणसाची गोष्ट नाही, आपल्या राजकारणाची सवय आहे.

२८/
मागणी अगदी छोटी आहे. नवा कायदा नको, नवी घटनादुरुस्ती नको, मतदान नको. संसदेने हे काम १९७८ मध्येच केले आहे. हवी आहे राजपत्रातली एक अधिसूचना आणि तिच्यात एक तारीख. एमपीडीएसारख्या राज्यांच्या कायद्यांना त्यानुसार मंडळांची रचना बदलावी लागेल. त्यासाठी काही महिन्यांची आगाऊ मुदत देऊन तारीख जाहीर करता येईल. आपल्या खासदाराला हा प्रश्न लेखी विचारता येतो : कलम ३ कोणत्या तारखेपासून लागू होणार, आणि होणार नसेल तर का नाही? आजी-माजी, कोणत्याही पक्षाच्या खासदाराला हाच प्रश्न लागू पडतो.

२९/
१८९७ मध्ये अमरावतीच्या मंडपात जमलेल्यांकडे ना संसद होती, ना घटना, ना मतदानाचा व्यापक हक्क. त्यांच्याकडे एक प्रश्न होता : आरोप असेल तर तो एखाद्या स्वतंत्र न्यायाधीशापुढे का ठेवत नाही? आपल्याकडे संसद आहे, घटना आहे, संमत झालेली दुरुस्तीही आहे. नातू बंधू सरदार होते. त्यांच्यासाठी राष्ट्रसभा बोलली. आज नागपूरच्या कारागृहात एक वर्षासाठी गेलेल्या मुळशीच्या पोरासाठी कोणी बोलेल असे नाही, आणि त्याने खरोखर काही वाईट केलेलेही असेल. तरीही त्याची कागदपत्रे सरकारने न निवडलेल्या न्यायमूर्तींनी वाचावीत, एवढा हक्क त्याला संसदेने दिलेला आहे. तो अजून त्याच्यापर्यंत पोहोचायचा आहे.

थ्रेड समाप्त. मतभेद असतील तर मुद्द्यांसह जरूर लिहावेत.